गावच्या मातीत गावाचे सभागृह: पहिल्यांदाच काम हाती घेणाऱ्यांसाठी

गावात वाचनालय, अंगणवाडी, बचत गटाची खोली किंवा छोटे सभागृह बांधायचे आहे. ते उन्हाळ्यात भट्टीसारखे तापू नये, पैसा शक्यतो गावातल्याच हातांत जावा आणि दहा वर्षांनी डागडुजीची वेळ आली तर शहरातून ठेकेदार बोलवावा लागू नये, असे वाटत असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. नवे वास्तुविशारद, संस्थांचे कार्यकर्ते, ग्रामपंचायतीचे सदस्य, कोणीही असा.

गावच्याच मातीच्या विटांनी केलेली अशी कामे फसतात तेव्हा पहिल्या पावसात भिंतीचे पोपडे निघतात आणि "मातीचं ते मातीचंच" म्हणून गाव पुन्हा पत्र्याकडे वळते. दोष बहुतेक वेळा मातीचा नसतो. पायऱ्यांचा क्रम चुकलेला असतो, किंवा पाण्याची वाट नीट ठरवलेली नसते.

पुढची सगळी मापे एका नमुन्याला धरून आहेत: आतून 8 × 5 मीटरची एक खोली, दाबलेल्या मातीच्या (न भाजता, हातयंत्रात दाबून केलेल्या) विटांच्या 24 सेंमी जाडीच्या भिंती, दगडी जोते आणि मंगलोरी कौलांचे दोन पाख्यांचे छप्पर. महाराष्ट्राच्या पठारी भागात आणि सह्याद्रीच्या पूर्व उतारावर हे चालते. कोकणात आणि गोव्यात जांभ्याचा चिरा हाताशी असताना मातीच्या विटांचा हट्ट धरू नका. चिरा हेच तिथले स्थानिक साहित्य आहे आणि ते काम तिथल्या गवंड्यांच्या अंगवळणी पडलेले आहे.

## 1. जागेआधी माणसे

आराखडा काढण्यापूर्वी निदान तीन वेगवेगळ्या बैठका घ्या: ग्रामसभेची, फक्त महिलांची आणि वस्ती-पाड्यावरची. एकाच बैठकीत सगळे बोलतील असे समजू नका. ग्रामसभेत पुढच्या ओळीत बसणारे ठरलेले असतात, आणि मागच्या ओळीत किंवा दाराबाहेर उभे असणारे लोकच बहुधा ती इमारत रोज वापरणार असतात.

सर्वांत जास्त वाद जागेवरून होतो. देवळाच्या आवारातली जागा फुकट मिळते, रस्ता असतो, सावली असते. पण काही जातींच्या लोकांना तिथे मोकळेपणाने येता येत नाही, पाळीच्या दिवसांत बायका तिकडे फिरकत नाहीत. मग तिथे अंगणवाडी किंवा बचत गट चालणार कसा? तीच अडचण एखाद्या पुढाऱ्याच्या वाड्यासमोरच्या जागेची. गावठाण आणि वस्ती यांच्या मधली, सगळ्यांच्या वाटेवरची जागा मिळत असेल तर ती थोडी आडवळणी असली तरी घ्या.

बैठकीत हे प्रश्न विचारून उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या:

- किल्ली कोणाकडे राहील, आणि ते गावाला गेले तर कोणाकडे?
- दिवसाच्या कोणत्या वेळी कोण वापरणार?
- पाणी आणि स्वच्छतागृह कुठे?
- वीजबिल कोण भरणार?
- गावात आज हाताने काम करणारे गवंडी, सुतार कोण आहेत आणि त्यांना काय येते?

शेवटच्या प्रश्नाला एक दिवस द्या. गवंडी कोपरा कसा उचलतो, ओळंबा किती वेळा लावतो, हे त्याच्या चालू कामावर जाऊन बघा. तुमच्या नकाशातला निम्मा तपशील त्यावर ठरला पाहिजे. ज्या जोडणीची दुरुस्ती गावातल्या गवंड्याला जमणार नाही, ती कितीही सुंदर असली तरी नकाशातून काढून टाका.

## 2. कागदपत्रे

हे काम माणसांच्या बैठका चालू असतानाच सुरू करा, कारण कागद सावकाश हलतात.

- जागेचा 7/12 किंवा मिळकत पत्रिका. ग्रामपंचायत मिळकत असेल तर नमुना 8 चा उतारा
- जागा आणि वापर दोन्ही स्पष्ट लिहिलेला ग्रामसभेचा ठराव
- नकाशा, अंदाजपत्रक आणि संरचना अभियंत्याचे स्थिरता प्रमाणपत्र
- बांधकाम परवानगी. जागा गावठाणाबाहेर असेल तर बिगरशेती वापराबद्दल तहसील कार्यालयाचे लेखी उत्तर
- माती-मुरूम काढण्याची परवानगी आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) भरल्याची पावती
- वापर आणि देखभालीचा करार: संस्था, ग्रामपंचायत आणि वापरणारे गट यांच्यात

जागा वनजमिनीत असेल तर घाबरून जाऊ नका. वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3(2) मध्ये शाळा, अंगणवाडी, दवाखाना, सामाजिक केंद्र अशा कामांसाठी तरतूद आहे. प्रत्येक कामाला 1 हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी, या तिच्या मुख्य अटी. गडचिरोली, नंदुरबार, पालघरसारख्या भागांत याच वाटेने जावे लागते.

मातीच्या परवानगीकडे बरेच जण काणाडोळा करतात. "आपल्याच गावची माती" म्हणून ट्रॉली भरली जाते आणि तलाठी पंचनामा करतो तेव्हा काम थांबते. माती आणि मुरूम हे गौण खनिज आहे. किती ब्रास (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट) लागणार ते आधी काढा आणि तेवढ्याची परवानगी घ्या.

दुसरा सापळा सरकारी निधीचा. निधी शासनाचा असेल तर कनिष्ठ अभियंता मोजमाप पुस्तकात फक्त दरसूचीतल्या (सरकारी कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीतल्या) बाबी चढवतो. मातीच्या दाबलेल्या विटांची बाब तुमच्या दरसूचीत सापडली नाही, तर भिंत उभी राहूनही बिल निघत नाही. म्हणून काम सुरू होण्याआधी दर पृथक्करण करून मंजूर करून घ्या: एका घनमीटरला विटा किती, सिमेंट किती, मजुरी किती. सोबत आयएस 1725 या भारतीय मानकाचा संदर्भ जोडा. या विटांचे मानक तेच आहे, आणि अभियंत्याला सही करताना त्याचा आधार होतो.

## 3. वेळापत्रक उलटे लावा

मृग लागण्याआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत, छप्पर पूर्ण हवे. तिथून मागे या.

मेअखेर कौले चढलेली. एप्रिल-मेमध्ये लाकूडकाम. मार्च-एप्रिलमध्ये भिंती. त्याआधी विटांना 28 दिवस पाणी मारणे, म्हणजे विटा फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पाडून संपलेल्या हव्यात. मातीच्या चाचण्या दिवाळीनंतर लगेच. पाया जानेवारीत.

परवानगी मार्चमध्ये हातात आली तर त्या वर्षी फक्त पाया आणि जोते करा आणि थांबा. उघडी मातीची भिंत पावसाळाभर ताडपत्रीखाली ठेवायचा विचार करू नका. ताडपत्री वाऱ्याने सुटते, भिंतीचा माथा भिजतो आणि पाणी वरून आत उतरते.

## 4. माती ओळखा

या पायरीला घाई चालत नाही. सिमेंट घालून पक्क्या करायच्या विटांसाठी मातीत साधारण असे प्रमाण हवे: बारीक खडी 15 टक्के, वाळू 50, पोयटा (वाळूहून बारीक, पण न चिकटणारी माती) 15 आणि चिकणमाती 20. नेमके एवढेच नसले तरी चालते, पण वाळू आणि खडी मिळून साठ-पासष्ट टक्क्यांच्या जवळ असावी.

काळी माती यात बसत नाही. पाणी प्याली की ती फुगते आणि वाळली की आक्रसते. शेतात उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा त्याच गुणाच्या. धरणातला किंवा तलावातला गाळही नको. शेतासाठी तो सोने आहे, पण त्यात चिकणमाती आणि सेंद्रिय अंश जास्त असतो. माळरानावरची, टेकडीच्या उतारावरची तांबूस किंवा पिवळसर मुरमाड माती शोधा. वरचा सुपीक थर, साधारण फूटभर, बाजूला काढून ठेवा आणि खोदकाम झाल्यावर त्याच खड्ड्यावर परत पसरा.

तीन जागांचे नमुने घेऊन प्रत्येकावर या चाचण्या करा. प्रयोगशाळा लागत नाही.

बरणीची चाचणी. उभ्या काचेच्या बरणीत पाव भाग माती, बाकी पाणी आणि चिमूटभर मीठ. झाकण लावून जोरात हलवा, तासाभराने पुन्हा हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, तिच्यावर पोयटा, सगळ्यात वर चिकणमाती. दुसऱ्या दिवशी थरांची जाडी पट्टीने मोजा. फुगलेली चिकणमाती प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते, हे वाचताना लक्षात ठेवा.

वळीची चाचणी. ओली माती मळून 3 सेंमी जाडीची वळी करा आणि टेबलाच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवा. तुकडा 5 सेंमीच्या आत तुटला तर माती फार वाळूची. 15 सेंमीपेक्षा लांब लोंबकळली तर फार चिकट. मधली चांगली.

आक्रसण्याची चाचणी. आतून 60 × 4 × 4 सेंमी मापाची लाकडी पेटी करा. आतून तेल लावा, ओली माती दाबून भरा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. मग सगळे तुकडे एका टोकाला सरकवून दुसऱ्या टोकाला किती जागा सुटली ते मोजा. हाताने चालणाऱ्या यंत्रांसाठी सिमेंट आणि मातीचे घनफळी प्रमाण यावरून ठरते:

- 15 मिमीपेक्षा कमी: 1 भाग सिमेंट, 18 भाग माती
- 15 ते 30 मिमी: 1 ला 16
- 30 ते 45 मिमी: 1 ला 14
- 45 ते 60 मिमी: 1 ला 12

30 च्या पुढे गेले तर सिमेंट वाढवत बसण्यापेक्षा वाळू किंवा दगडाची कच मिसळून पुन्हा पेटी भरा. जास्त सिमेंट घालून वाईट माती चांगली होत नाही, आणि मग मातीच्या विटा वापरण्याचा मुद्दाच राहत नाही.

तिन्ही नमुने नापास झाले तर इथेच थांबा आणि साहित्य बदला. चंद्रपूर, कोराडी, परळी अशा औष्णिक वीज केंद्रांच्या परिसरात राखेच्या विटा जवळच मिळतात. भट्टीची वीट चांगली मिळत असेल तर ती आडवी न लावता उभी लावून आत पोकळी ठेवणारी 'रॅट ट्रॅप' जोडणी करा. लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेल्या या पद्धतीत सुमारे चौथा हिस्सा विटा वाचतात आणि आतल्या पोकळीमुळे ऊन आत कमी येते. माती हा आग्रहाचा विषय करू नका.

## 5. विटा पाडणे

24 × 24 × 9 सेंमीची वीट धरली, तर सांध्यासकट भिंतीच्या एका चौरस मीटरला 40 विटा बसतात. आपल्या नमुन्यात दारे-खिडक्या वजा करून आणि दोन्ही त्रिकोणी भिंती मिळवून सुमारे 74 चौ. मीटर भिंत होते. तूटफूट धरून 3,200 विटा करा. एक वीट साडेनऊ-दहा किलोची, म्हणून चाळण्यातली घट धरून 9 ब्रास माती आणि 1 ला 16 प्रमाणात 35 ते 40 पोती सिमेंट लागेल.

साहित्य: हाताने दाबायचे यंत्र, 5 मिमीची मोठी चाळणी, फावडी, घमेली, झारी, वजनकाटा, प्लास्टिकचा कागद, गोणपाट आणि विटांची उंची तपासायला लोखंडी पट्टीचा गेज. यंत्राच्या दोन जणांसह सात-आठ माणसांची टोळी लागते. नव्या टोळीकडून सुरुवातीला दिवसाला 300 विटा धरा. हात बसला की 500 च्या पुढे जातात.

क्रम असा. माती चाळा. कोरडी माती आणि सिमेंट रंग एकसारखा होईपर्यंत फावड्याने तीन-चार वेळा उलटापालट करा. मग झारीने पाणी शिंपडा, ओतू नका. ओल बरोबर आहे का ते असे बघा: मूठभर मिश्रणाचा गोळा करून खांद्याच्या उंचीवरून टणक जमिनीवर सोडा. चार-पाच तुकडे झाले तर ठीक. भुगा झाला तर पाणी कमी. चपटा होऊन तसाच राहिला तर जास्त. उन्हात ओल सारखी बदलते, म्हणून प्रत्येक घाणीला (एका वेळी कालवलेल्या मिश्रणाला) हे करा.

पाणी पडल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ती घाणी संपली पाहिजे. इथेच सर्वांत जास्त नुकसान होते. दुपारच्या जेवणाआधी कालवलेले मिश्रण जेवणानंतर पुन्हा पाणी मारून वापरले जाते. विटा दिसायला बरोबर निघतात आणि महिन्याभराने नखाने खरवडतात. नियम साधा ठेवा: एका वेळी अर्धे पोते सिमेंटच फोडायचे, आणि जेवणाची सुटी घाणी संपल्यावरच.

साच्यात प्रत्येक वेळी तेवढ्याच वजनाचे मिश्रण पडले पाहिजे. डोळ्याच्या अंदाजाने भरले की काही विटा पोकळ राहतात, काहींची उंची वाढते. दर दहाव्या विटेची उंची गेजने तपासा. फरक 2 मिमीच्या आत हवा.

ताज्या विटा सावलीत, एकावर एक फार न रचता ठेवा आणि पहिले दोन दिवस प्लास्टिकखाली झाका. नंतर थप्पी लावून, वर गोणपाट टाकून, एकूण 28 दिवस ओल टिकवा. हे काम कोणाचे, त्याचे नाव फळ्यावर लिहा. "सगळे मिळून पाणी मारू" असे ठरले की रविवारी कोणीच मारत नाही.

28 दिवसांनी वेगवेगळ्या दिवशी पाडलेल्या 12 विटा जवळच्या तंत्रनिकेतनात तपासायला द्या आणि ताकद ओल्या विटेची मोजायला सांगा. कोरडी वीट जवळजवळ दुप्पट ताकद दाखवते आणि तो आकडा फसवतो. ओलीची ताकद चौरस मिलिमीटरला किमान 3.5 न्यूटन हवी.

## 6. पाया आणि जोते

पाया कडक मुरमावर बसला पाहिजे. मुरूम लागला की त्यात आणखी 15-20 सेंमी उतरा. साधारण 60 सेंमी रुंदीचा दगडी पाया एकमजली कामाला पुरतो. काळी माती दीड-दोन मीटरपर्यंतच असेल तर ती पूर्ण काढा आणि दगड-मुरमाने वर या. त्याखालीही काळी मातीच असेल तर तो प्रश्न अभियंत्याचा आहे; तिथे खालच्या टोकाला फुगीर कंद असलेले काँक्रीटचे खुंट-पाये घ्यावे लागतात. पायातून निघालेली काळी माती जोत्याच्या भरावात परत टाकू नका. पाण्याने ती फुगते आणि जमीन उचलते. भराव मुरमाचा, 15 सेंमीच्या थरांत, पाणी मारून ठोकलेला.

जोते 45 ते 60 सेंमी उंच, दगडाचे. उडणाऱ्या पावसाच्या शिंतोड्यांपासून मातीची वीट वर राहावी, हा त्याचा उद्देश. त्याच्या माथ्यावर पहिली काँक्रीट पट्टी येते आणि तीच खालून चढणारी ओलही अडवते. चारही बाजूंनी 75 ते 90 सेंमी रुंद फरसबंदी करा आणि तिला बाहेरच्या बाजूला मीटरला 3-4 सेंमी उतार द्या.

व्हीलचेअर आणि वृद्धांसाठी उतार 1 ला 12 हवा. 45 सेंमी जोत्याला तो 5.4 मीटर लांब होतो. ही लांबी नकाशात पहिल्या दिवसापासून धरा. शेवटी आठवले की लोक दीड मीटरची घसरगुंडी करून मोकळे होतात, आणि तिचा उपयोग फक्त मोटारसायकल चढवायला होतो.

## 7. भिंती आणि भूकंपाच्या पट्ट्या

किल्लारी भागात 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे जे कोसळले ते प्रामुख्याने जाड दगडी भिंतींचे, मातीत जोडलेले आणि माळवदाचे प्रचंड ओझे डोक्यावर घेतलेले घर होते. त्या भिंतींचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना बांधलेले नव्हते, मधे दगडगोट्यांचा भराव होता, आणि चार भिंतींना एकत्र धरणारे काहीच नव्हते. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा धक्काही आपल्याच प्रदेशातला. म्हणून इथे काटकसर नाही.

- जोते, दार-खिडक्यांचा माथा आणि छताची पातळी अशा तीन ठिकाणी, सगळ्या भिंतींवरून अखंड फिरणारी काँक्रीट पट्टी. त्रिकोणी भिंतीच्या उतारावर चौथी.
- पट्टी किमान 7.5 सेंमी जाड, 10 मिमीच्या 2 सळ्या, 6 मिमीच्या रिंगा 15 सेंमीवर. भिंत लांब असेल तर अभियंता सळ्या वाढवेल. कोपऱ्यात सळी तोडायची नाही, वळवून पुढे न्यायची.
- 8 मीटरची भिंत सलग ठेवू नका. मध्यावर बाहेरून टेकूभिंत द्या.
- दार किंवा खिडकी आतल्या कोपऱ्यापासून किमान 60 सेंमी दूर. एका भिंतीतल्या सगळ्या उघड्या जागा मिळून लांबीच्या निम्म्यापेक्षा जास्त नकोत.
- कोपऱ्यात आणि दारांच्या बाजूला उभ्या सळ्या हव्या असतील तर भोकाची वीट आधीच पाडा. भिंत झाल्यावर छिन्नीने भोक पाडता येत नाही.

जोडणीला सिमेंट-वाळूचा कडक माल नको. सांधा विटेपेक्षा टणक झाला की तडा विटेतून जातो. 1 भाग सिमेंट, 2 भाग चाळलेली माती, 6 भाग वाळू असा माल घ्या. तो मऊ चालतो आणि विटेला चिकटतो. वीट लावण्याआधी पाण्यात बुडवून काढा, नाहीतर ती मालातले पाणी ओढून घेते आणि सांधा भुसभुशीत होतो. दिवसाला एक मीटरपेक्षा जास्त उंची चढवू नका.

वीज आणि पाण्याच्या नळ्यांच्या जागा भिंत चढण्याआधी ठरवा. 24 सेंमीच्या भिंतीत नंतर आडवी चर पाडणे म्हणजे तिची कंबर मोडणे.

## 8. छप्पर

लांब भिंती उत्तर-दक्षिणेला तोंड करून ठेवल्या तर दुपारचे ऊन कमी लागते. नैऋत्येचा पाऊस ज्या बाजूने मारतो तिकडे ओसरी घ्या. तिचे छप्पर वेगळे धरा. पुढचा हिशेब मुख्य छपराचा आहे.

पाख्याचा उतार 30 अंश धरा. लांबीच्या भिंतींबाहेर 75 सेंमी पागोळी सुटली पाहिजे, घाटमाथ्यावर 90. या मापाला छप्पर 78 चौ. मीटर भरते. चौरस मीटरला 15 कौले, म्हणजे सुमारे 1,170, वर 5 टक्के फुटीची. आढ्यावरचे कोने वेगळे मोजा.

रिपांमधले (कौले अडकवायच्या आडव्या पट्ट्यांमधले) अंतर पुस्तकातून घेऊ नका. आणलेल्या कौलांतली दहा-बारा जमिनीवर एकात एक अडकवून मांडा, लांबी मोजून सरासरी काढा आणि तेच अंतर ठेवा. कारखान्यागणिक ते बदलते, आणि एक सेंमीच्या चुकीने पाऊस आत येतो.

लाकूड सुतार सुचवेल ते स्थानिक घ्या, पण तोडीचा आणि वाहतुकीचा परवाना पाहूनच. कैच्या (छपराच्या त्रिकोणी लाकडी चौकटी) वरच्या पट्टीत काँक्रीट ओतताना सोडलेल्या बोल्टांना बांधा. नुसत्या भिंतीवर टेकवलेले छप्पर वादळात उचलले जाते. बांबू वापरत असाल तर तीन वर्षांपुढचा, पावसाळ्यानंतर तोडलेला घ्या. गाठी आतून छेदून तो बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या 5-6 टक्के द्रावणात आठवडाभर बुडवा. हे न करता वापरलेल्या बांबूतून वर्षभरात पिवळी भुकटी गळायला लागते, म्हणजे भुंगा लागला. उपचार केलेला बांबूही पावसात भिजता कामा नये.

## 9. गिलावा

बाहेरून सिमेंटचा गिलावा करू नका. गावातून, विशेषतः पैसे देणाऱ्यांकडून, त्याचा आग्रह होतो, कारण तो 'पक्का' दिसतो. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटचा थर तिला सोडू देत नाही. बारीक चिरेतून आत गेलेले पाणी मागे साठते आणि दोन-तीन वर्षांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. चांगल्या विटा बाहेरून उघड्या ठेवून फक्त दरजा भरा, किंवा चुन्याचा गिलावा करा. कळीचा चुना विरवून किमान दोन आठवडे पाण्याखाली मुरू द्या. घाई केली तर न विरलेले कण नंतर भिंतीत फुटतात आणि गिलाव्यावर पुटकुळ्या येतात.

आतून माती, वाळू, शेण आणि भुशाचा हात चालतो. मातीला दुप्पट ते तिप्पट वाळू. आधी हातभर चौकोनात नमुना लावून दोन दिवस बघा: भेगा पडल्या तर वाळू वाढवा, बोट फिरवून धूळ निघाली तर कमी करा. हे काम पिढ्यान् पिढ्या बायका करत आल्या आहेत आणि त्यांना त्याची पारख आहे. तेव्हा त्याला 'मदत' न म्हणता गवंड्याच्या दराने मजुरी द्या.

## 10. मजुरी आणि हस्तांतर

हजेरीपट रोज भरा, सही-अंगठा रोज घ्या. ज्यांचे वर्षात 90 दिवस बांधकामावर भरतात त्यांना इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. काम संपताना प्रत्येकाला दिवसांचा दाखला देऊन फॉर्म भरूनच जा. विटा पाडणे, पाया आणि भिंती मिळून एखाद्याचे साठ-सत्तर दिवस होत असतील, तर राहिलेले दिवस कोणत्या कामावर भरतील ते त्याच्यासोबत बसून बघा.

श्रमदान चालेल, पण फक्त दगड वाहणे, पाणी मारणे अशा थोड्या दिवसांच्या कामांना. हातावर पोट असणाऱ्याकडून महिनाभर श्रमदान घेणे म्हणजे सर्वांत गरीब माणसाने इमारतीला सर्वांत मोठी देणगी देणे.

देखभालीची वही पहिल्याच वर्षी सुरू करा. मे महिन्यात शाकारणी: कौले उतरवून साफ करणे, फुटकी बदलणे, रिपा तपासणे. जूनआधी फरसबंदीतल्या भेगा भरणे. पावसाळ्यात महिन्यातून एकदा जोत्याभोवती वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसतात का ते पाहणे. दिवाळीआधी चुन्याचा हात. प्रत्येक कामापुढे माणसाचे नाव आणि खर्चाची रक्कम. हा खर्च ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात दरवर्षी यावा, असा ठराव हस्तांतराच्याच दिवशी करून घ्या. नंतर तो होत नाही.

इमारतीसोबत गावाच्या ताब्यात द्यायचे ते असे: 100 विटा आणि 60 कौले कोरड्या जागी रचून, मातीच्या खाणीची जागा, मिश्रणाचे प्रमाण आणि पेटीच्या चाचणीचा आकडा लिहिलेला कागद, एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक गवंड्याकडे, पट्ट्यांमधल्या सळ्यांचे, काँक्रीट ओतण्याआधी काढलेले फोटो, वायरिंगचा नकाशा, आणि यंत्र भाड्याचे असेल तर ते पुन्हा कुठून आणायचे त्याचा पत्ता.